सादरीकरणाची प्रत मिळणेबाबत

पहिलं पत्र तीन फेब्रुवारीला आलं होतं. ‘महोदय, दि. २० जानेवारी रोजी आमच्या शाळेच्या पालकसभेत दाखवण्यात आलेल्या सादरीकरणाची प्रत मिळणेबाबत.’ त्यामागून स्मरणपत्र क्रमांक एक आलं, मग दोन, मग तीन. शर्वरी खुटवडच्या पडद्यावर हे प्रकरण एप्रिलच्या सुरुवातीला येऊन पडलं तेव्हा स्मरणपत्र क्रमांक दहा होऊन गेलं होतं. अकराच्या अकरा पत्रांत आवाज चढवलेला एक शब्द नव्हता. ‘तरी कृपया प्रत मिळावी, ही नम्र विनंती.’ आणि कंपनीच्या तक्रारखात्यातल्या यंत्राने प्रत्येक पत्राखाली तोच शेरा मारला होता: ‘सुविधा उपलब्ध नाही. प्रकरण बंद.’ बाई उघडत होत्या, यंत्र बंद करत होतं. बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीत चारशे माणसं कामाला होती, पण बाई मागतायत तरी काय ते बघावं असं दोन महिन्यांत एकालाही वाटलं नव्हतं.

पत्राखाली सही होती: सुमन लोखंडे, मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, करंजशेत.

शर्वरी गावाच्या नावापाशी थांबली. करंजशेत तिचंच गाव. धरणाच्या मागे, डोंगराच्या कुशीत, पुण्याहून अडीच तासांवर. त्याच शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. लोखंडे बाई तिच्यानंतर आलेल्या, त्यांना ती ओळखत नव्हती. पण तिचा थोरला भाऊ धनाजी गावातच होता, पिठाची गिरणी चालवत होता. त्याची तनू त्या शाळेत तिसरीला होती आणि तो स्वतः शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता. गावात असली काही सभा झाल्याचं त्याने तिला कळवलं नव्हतं.

प्रकरण पुन्हा उघडलं होतं ते बाईंच्या पत्रांमुळे नव्हे, हे तिला खालच्या नोंदीवरून कळलं. छोट्या शाळा बंद करून त्यांची एक मोठी समूहशाळा करायची, या कामासाठी नेमलेल्या ‘उन्नयन’ नावाच्या सल्लागार संस्थेने एक ओळ लिहिली होती: ‘प्रत काढण्याची सोय तातडीने हवी, काम अडलं आहे.’ त्या एका ओळीवर दोन तासांत बैठक लागली. अकरा पत्रं लिहिणाऱ्या बाईंना मात्र यंत्र पुरे होतं.

आता प्रत काढण्यात एवढं काय अवघड, असं कुणीही विचारील. त्यासाठी ‘प्रकट’ म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी सादरीकरण म्हणजे स्लाइडांची चवड असे. वीस स्लाइड, सगळ्यांना त्याच, आणि मागच्या रांगेतले डुलक्या काढणारे. शर्वरीच्या कंपनीच्या ‘प्रकट’ने ती चवडच मोडीत काढली. सादर करणाऱ्याने फक्त दोन गोष्टी द्यायच्या, माहितीचा गठ्ठा आणि उद्दिष्ट. बघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक टॅब, कानाला हेडफोन. डोळ्याची बाहुली किती विस्फारली, पापणी किती वेळा लवली, नजर कुठल्या शब्दावर अडखळली हे टॅबचा कॅमेरा सेकंदाला साठ वेळा टिपतो. त्यावरून पुढचं वाक्य, पुढचं चित्र, पुढचा आवाज जागच्या जागी तयार होतो, त्या एका माणसापुरता. शेजारच्याला दिसतं ते वेगळं.

उद्दिष्ट ‘समज’ असेल तर माणसाला समजेपर्यंत यंत्र धडपडतं. दम्याच्या रुग्णांना औषधाचा पंप कसा ओढायचा हे असंच शिकवलं गेलं होतं आणि त्याने खरोखर माणसं वाचली होती. उद्दिष्ट ‘संमती’ असेल तर यंत्र संमती मिळेपर्यंत धडपडतं. यंत्राला त्या दोहोंतला फरक कळत नाही. ज्यांना कळतो त्यांचा पगार तो न कळण्यावर चालतो.

नजर अडखळलेली ओळखणारा भाग तीन वर्षांपूर्वी शर्वरीनेच लिहिला होता, त्या दम्याच्या रुग्णांसाठी. तिला बक्षीस मिळालं होतं. बक्षीस घेतानाचा तिचा हसरा फोटो आणि पाच मिनिटांचं भाषण कंपनीच्या संकेतस्थळावर अजून होतं.

तर असं हे सादरीकरण, दाखवून झालं की विरून जाणारं. मात्र अभियंत्यांनी एक गोष्ट राखून ठेवली होती. वाक्य रचताना यंत्र जे आकडे उचलतं ते आकडे आणि माणसाच्या नजरेची नोंद, दोन्ही नव्वद दिवस साठवली जात, बिघाड शोधता यावा म्हणून. तेच आकडे आणि तीच नजर पुन्हा यंत्रात घातली की तेच सादरीकरण पुन्हा उभं राहतं, अक्षराचाही फरक पडत नाही. तेच पीठ, तेच पाणी, तोच तवा, तर भाकरीही तीच. नव्वदाव्या दिवशी ही नोंद पुसली जाते. करंजशेतच्या सभेची नोंद वीस एप्रिलला पुसली जाणार होती.

शर्वरीने आराखडा एका दिवसात केला. ‘प्रत काढा’ असं बटण, पीडीएफ, वर्ड किंवा थेट छपाई, जे हवं ते. आणि तीन पर्याय: ‘सारांश’, ‘अधिकृत प्रत’, ‘दर्शकाने पाहिलेली प्रत’. तिचा गटप्रमुख कौस्तुभ याने आराखडा वरपासून खालपर्यंत वाचला.

“तिसरा पर्याय काढून टाक,” तो म्हणाला.

“का? खरी प्रत तर तीच आहे.”

“शंभर दर्शक म्हणजे शंभर कागद. ग्राहक गोंधळेल.”

“आणि अधिकृत प्रत? ती कुणी पाहिलीय?”

“कुणीच नाही. पण ती सगळ्यांना लागू होते. यंत्र माहितीच्या गठ्ठ्यातून एक तटस्थ मसुदा करेल, अटी-शर्तींसकट.”

“म्हणजे लोकांनी एक पाहिलं, त्यावर हो म्हणाले, आणि त्यांच्या सहीवर आपण भलतंच चिकटवायचं.”

कौस्तुभ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. मुलीच्या वाढदिवसाला अख्ख्या मजल्याला श्रीखंड खिलवणारा माणूस होता. शर्वरीला त्याचाच जास्त राग आला.

“सह्या आपण नाही घेतल्या,” तो म्हणाला. “उन्नयनचे पाठारे सांगत होते, त्या बाईंनीच वहीत कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्यात. आता मजकूर लिहायला अडून बसल्यात. काय दाखवलं त्याची प्रत हातात आल्याशिवाय लिहिणार नाही म्हणतात. येत्या अठरा तारखेच्या सभेत प्रत जोडायची आणि इतिवृत्त कायम करायचं, एवढंच उरलंय.”

ती वही शर्वरीच्या डोळ्यांपुढे आली. गावात सभा कशाचीही असो, वही आधी फिरते. चहा येईपर्यंत सह्या होतात, अंगठे उठतात, आणि काय ठरलं ते मागाहून सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं जातं. पुढच्या सभेत ते वाचून कायम करायचं. दूधसंस्थेपासून भजनी मंडळापर्यंत सगळीकडे हीच रीत. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण लिहिणारा आपला असतो आणि झालं तेच लिहितो. नेमक्या याच भाबडेपणावर उन्नयनने डोळा ठेवला होता. पालकसभेच्या लेखी ठरावाशिवाय शाळा बंद करता येणार नाही, असा नवा नियम होता. सदतीस सह्या तयार होत्या आणि त्यांच्या वरचं पान कोरं होतं. ते भरायला लागणारा कागद शर्वरीने काढून द्यायचा होता.

दुपारच्या सुट्टीत तिने भावाला फोन लावला. पलीकडे गिरणीचा पट्टा फिरत होता.

“दादा, शाळा बंद करायला तू हो म्हणालास?”

“म्हनलो की.”

“अरे, पण का?”

“तुज्या मनासारकं झालं न्हवं? मग आता कशाला इचारतीस?” आणि जरा थांबून, “ठिवतो. गिऱ्हाईक हाय.”

ती फोनकडे बघत राहिली. जानेवारीपासून दादाने आपणहून एकदाही फोन केला नव्हता. होळीला ती गावी गेली तर तो समोर ताट घेऊन बसला आणि मान वर न करता उठला. गिरणीत काही बिघडलं असेल असं तिने तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

नवी सोय तपासायला खरं सादरीकरण लागतंच, आणि तपासणीत माणसांची नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतात. शर्वरीने करंजशेतची सभा उघडली. आधी माहितीचा गठ्ठा वाचला. समूहशाळा माळेवाडीला, घाटापलीकडे, अकरा किलोमीटर. त्यात एक ओळ होती: ‘बससेवा: प्रस्तावित, निर्णय प्रलंबित.’ मग ती एकेक प्रत काढू लागली.

दर्शक चारला दिसली होती दारापुढे थांबलेली पिवळी बस आणि बसमध्ये मुलांना सांभाळणारी मावशी. दर्शक सतराला बस दिसलीच नव्हती. तिथे स्वच्छ गाद्यांचं वसतिगृह होतं आणि दूध पिणारी मुलं. दर्शक बावीसची नजर ‘बंद’ या शब्दावर चारदा अडखळली होती. यंत्राने पाचव्या वेळी तो शब्दच काढून टाकला आणि लिहिलं, ‘तुमची शाळा इथेच राहणार आहे, फक्त नाव बदलेल.’ शर्वरीने ते वाक्य दोनदा वाचलं. त्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात तिनेच तीन वर्षांपूर्वी नेमलेली खूण होती: ‘अडखळ दूर झाली.’

दर्शक नऊची प्रत उघडली आणि तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

बक्षीस घेतानाचा हसरा फोटो. त्याखाली मजकूर, आणि मजकुरापुढे नोंद: ‘आवाज: शर्वरी खुटवड, भाषणावरून तयार.’ सभेत नोंदवलेल्या फोन क्रमांकावरून आडनाव, आडनावावरून गाव, शाळेच्या यादीतून भाचीचं नाव. यंत्राने सगळे धागे जुळवले होते. ‘दादा, मी शर्वरी बोलतेय. आपल्या शाळेने मला अक्षरं दिली, पण मोठी शाळा वेळेवर मिळाली असती तर मला पुण्यात इतकी वर्षं खाली मान घालून काढावी लागली नसती. माझं झालं ते तनूचं होऊ देऊ नकोस.’ दर्शक नऊच्या पापण्या तिथे अकरा सेकंद लवल्या नव्हत्या. त्यानंतर त्याने संमतीवर बोट ठेवलं होतं.

ती उठून जिन्यात गेली आणि तिथूनच तिने पुन्हा फोन लावला.

“दादा, ते मी बोललेच नव्हते. टॅबवर जे ऐकलंस ते. ते यंत्राने बनवलं होतं.”

पट्टा थांबला.

“आवाज तर तवाबी तुजाच हुता,” दादा म्हणाला. “आताबी तुजाच हाय. मी कुटला खरा धरू?”

ज्या भावाने तिला घाटातून खांद्यावर बसवून दवाखान्यात नेलं होतं, त्याला आता तिचा आवाज पटत नव्हता. आणि हे करणाऱ्यांना त्याची साधी चाहूलही नव्हती. त्यांच्या लेखी दर्शक नऊची अडखळ दूर झाली होती.

तिसरा पर्याय तिने त्याच दिवशी काढून टाकला. कौस्तुभने सांगितलं होतं तसाच, सादर करणाऱ्याच्या यादीतून. तोच पर्याय तिने दर्शकाच्या यादीत टाकला, ‘माझी प्रत’ या नावाने. कंपनीच्याच अटींत छापलेलं होतं की दर्शकाची नोंद दर्शकाच्या मालकीची. ते वाक्य आजवर कुणी मनावर घेतलं नव्हतं, इतकंच. तिचं काम तपासणाऱ्या फिरोजने ती ओळ पाहिली, खुर्ची वळवून तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि ‘मंजूर’ दाबलं. पंधरा तारखेला सोय सुरू झाली. बघणाऱ्या सगळ्यांच्या फोनवर संदेश गेले: ‘आपण पाहिलेल्या सादरीकरणाची प्रत येथे मिळेल.’

दोन दिवसांत करंजशेतमधून फक्त एका क्रमांकाने प्रत काढली. बाकी कुणी नाही. शर्वरी आधी चक्रावली, मग तिच्या लक्षात आलं. अनोळखी लिंक दाबू नका, दाबली की फसलात, हे गेली दहा वर्षं गावोगाव ओरडून सांगितलं जात होतं. खोट्याला सदतीस जण सहज फसले होते आणि खरी लिंक आली तेव्हा शहाणपणाने वागत होते. तिने रजा टाकली आणि अठराच्या सकाळी गाव गाठलं.

लोखंडे बाई पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या. शर्वरीने आपण कोण, काय काम करतो हे सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही.

“म्हणजे अकरा पत्रं तुमच्याच ऑफिसात येत होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“बरं. उशिरा का होईना, उत्तर आलं.” त्यांनी कपाटातून कोऱ्या कागदाचे दोन गठ्ठे काढले. मतदारयाद्यांच्या कामातून उरलेले. “माझी प्रत मी परवाच काढलीय. बाकीच्यांना लिंक दाबू नका हे मीच बजावलं होतं. आता मीच दाबायला सांगते.”

अकरापर्यंत शाळेची ओसरी भरली. बाईंनी एकेकाला पुढे बोलावलं, फोनवरची लिंक दाबायला लावली, आणि कोपऱ्यातला म्हातारा प्रिंटर खडखडत कागद टाकू लागला. शर्वरीच्या फोनवर कौस्तुभचा संदेश आला: ‘दर्शकाच्या यादीत तो पर्याय कुणी टाकला?’ तिने लिहिलं, ‘मी,’ आणि फोन पिशवीत टाकला. दादा खांबाला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण प्रतीसाठी रांगेत उभा राहिला.

उन्नयनचे पाठारे साडेअकराला आले. तरतरीत, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यांच्या हातात चाळीस पानी, स्पायरल घातलेली अधिकृत प्रत होती. “मॅडम, तुमचीच मागणी होती. आणलीय बघा. आता एवढं जोडून इतिवृत्त कायम करून टाका.”

“वाचल्याशिवाय कायम होत नाही,” बाई म्हणाल्या. “बसा. आधी माझी प्रत वाचते.”

आणि हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात त्यांनी वाचलं. “‘लोखंडे मॅडम, माळेवाडीची समूहशाळा तुमच्या घरापासून चार किलोमीटरवर आहे. बारा वर्षं लांब राहिल्यावर आता तुम्ही रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसू शकाल.’” त्यांनी कागद खाली केला. “माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. हे मी गावात कुणाला बोलले नाही. फक्त रजेच्या अर्जात लिहिलं होतं.”

पाठारे काही बोलणार होते, पण बाईंनी पुढचं नाव घेतलं.

हिराबाई पोळेकरांची प्रत त्यांच्या नातवाने वाचली. दारापुढे बस, बसमध्ये मावशी. त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेला दशरथ ढेबे ऐकता ऐकता उभा राहिला. “बस कुटली? मला तर वसतिगृह दावलं. पोरगं तिथंच ऱ्हाणार म्हनलं.”

“आन् मला म्हनलं, शाळा हितंच ऱ्हाणार,” मागून एक बाई म्हणाली. “निस्तं नाव बदलायचं म्हनलं.”

मग एकेक कागद वर यायला लागला. सभेनंतर गावात बोलणं झालं नव्हतं असं नाही. चावडीवर, पाणवठ्यावर, गिरणीत, सगळीकडे झालं होतं. पण ‘चांगलं दावलं बाबा’ इतकंच. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ओसरीवर बसून पाहिलं म्हटल्यावर तू काय पाहिलंस असं कोण कुणाला विचारील? ते एकमेकांना सांगत होते की आपलं एकमत झालं, आणि मतं सदतीस होती.

“मंडळी, ऐकून घ्या,” पाठारे उभे राहिले. “ते समजावून सांगायचे वेगवेगळे मार्ग होते. प्रत्येकाला त्याच्या भाषेत. ग्राह्य धरायची ती ही अधिकृत प्रत. यात सगळं स्पष्ट आहे.”

“बस हाय का तेच्यात?” दशरथने विचारलं.

पाठाऱ्यांनी पानं चाळली. “प्रस्तावित आहे.”

“म्हंजी न्हाई.”

“धनाजी खुटवड,” बाईंनी पुकारलं, “तुमची प्रत.”

धनाजी पुढे आला. तो अडखळत, बोट ठेवून वाचायचा. लहानपणी शर्वरीला गोष्टी वाचून दाखवायचा तोही असाच. घाटातला रस्ता रुंद होणार, नव्या शाळेत प्रयोगशाळा असणार, हे त्याने वाचलं. मग पान उलटलं, फोटो आला, आणि तो थांबला. खाली ‘आवाज: शर्वरी खुटवड, भाषणावरून तयार’ असं छापलेलं होतं. त्यावर त्याचं बोट बराच वेळ होतं. त्याने कागद तिच्यापुढे धरला.

“हे तू वाच. तुज्याच तोंडचं हाय.”

शर्वरीने वाचलं. सगळ्या गावासमोर, स्वतःच्या आवाजात, स्वतः कधीही न बोललेलं. ‘दादा’ या शब्दापासून ती शेवटपर्यंत वाचत गेली. खाली मान घालून काढलेली वर्षं, तनूचं होऊ देऊ नकोस, सगळं.

“यातलं एक अक्षरही माझं नाही,” ती म्हणाली. “या शाळेची मला कधी लाज वाटली नाही. पण माणसाची नजर कुठे अडखळते ते ओळखायला या यंत्राला मी शिकवलं. ते माझं आहे. ते मी आजाऱ्यांसाठी केलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी तीन वर्षं विचारलं नाही. दादा, तुला माझ्या नावाने फसवलं. त्याला माझाच हात लागलेला आहे.”

धनाजीने तिच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. मग सतरंजीवर सरकून शेजारी जागा केली.

“होळीला जेवली न्हाईस नीट,” तो हळूच म्हणाला. “बस.”

ती बसली.

बाईंनी प्रोसिडिंगची वही उघडली. खाली सदतीस सह्या आणि अंगठे, वर कोरं पान. त्यांनी पट्टी ठेवून पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली आणि तिच्यावर लिहिलं, ‘रद्द. सर्वांना वेगवेगळे दाखवले. सोबत अडतीस प्रती.’ लिहून झाल्यावर ते मोठ्याने वाचलं, आणि मग वही फिरवली. या वेळी सह्या मजकुराच्या खाली झाल्या.

पाठाऱ्यांच्या कपाळावर आता घाम होता, पण माणूस कसलेला. “ठीक आहे. चूक झाली असेल. आपण नव्याने करू. मी आत्ता गाडीतून टॅब मागवतो, पुन्हा सगळ्यांना नीट दाखवतो.”

“दावा की,” धनाजी म्हणाला. तो बसल्या जागीच होता. “आमी बघायला तयार हाय. पर टॅब नको.”

बाई उठल्या. ओसरीच्या भिंतीवर जुना काळा फळा होता, रोजचा सुविचार लिहायचा. त्यांनी पदराचं टोक खोचलं, डस्टर घेऊन सुविचार पुसला आणि खडूचा एक तुकडा पाठाऱ्यांपुढे धरला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “बस येणार की नाही, आणि शाळा इथे राहणार की नाही. मोठ्या अक्षरात लिहा, मागच्यांना दिसलं पाहिजे.”

पाठाऱ्यांनी खडू घेतला. फळ्याकडे वळून ते उभे राहिले. एकदा त्यांनी हात वर नेला, मग खाली आणला. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी घेतला नाही. मागे सदतीस माणसं मांडी घालून बसली होती आणि पोरं खिडक्यांना लोंबकळत होती. कुणाला घाई नव्हती. फळ्यावर अजून काहीच नव्हतं, आणि ते सगळ्यांना सारखंच दिसत होतं.